डबी मी विसळली होती

मंदे,

हे काही बरं केलं नाहीस तू. सोमवारी संध्याकाळी निरोप पाठवायचा, 'उद्या दुसऱ्या तासानंतर माझ्यापाशी बस, एक विचारायचंय, चिडू नको,' आणि मंगळवारी सकाळी निघून जायचं? ही कुठली रीत झाली? मी तुला उलट लिहिलं होतं, 'चिडण्यासारखं असेल तर चिडणारच.' त्याखाली दोन निळ्या खुणा आहेत. म्हणजे तू वाचलंस. वाचून हसली असशील आणि म्हणाली असशील, सुली काय सुधरायची न्हाई. आज अकरावा दिवस. मी रोज त्या निळ्या खुणा बघते आणि फोन पालथा ठेवते.

मंगळवारी सव्वानऊला बापूचा फोन आला. तुझा धाकटा भाऊ आदल्या दिवशी मिरजगावहून कांदा घेऊन नगरला आला होता आणि तुझ्याकडेच मुक्कामाला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी उचलताच म्हटलं, "काय रे बापू, काय भाव लागला?" तो म्हणाला, "बाई, ताईनं आंघोळीला पाणी काढलं, खाली बसली ती उठलीच न्हाई. संपलं वो सगळं." आणि मी काय म्हणाले माहितेय तुला? मी म्हणाले, "असं कसं? तिला दुसरा तास आहे." बापू बिचारा म्हणाला, "व्हय बाई." सख्खी बहीण समोर आडवी पडलेली आणि तो मला 'व्हय' म्हणतोय. अजून ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

केडगावात माझ्या घरापासून तुझी खोली दोन गल्ल्या पलीकडे. मी चालत आले की धावत, आठवत नाही. पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या, हे संध्याकाळी कळलं. तुझा चष्मा बादलीच्या काठावर नीट घडी घालून ठेवलेला होता. पाणी अजून कोमट होतं. मी त्यात हात घातला, मंदे. का घातला, विचारू नकोस.

तीस वर्षं आपण भांडलो. एम.एस्सी.ला पुण्याच्या होस्टेलवर एक खोली मिळाली तेव्हापासून. मी शिक्षकांच्या घरातली, तोंडानं फटकळ. तू शेतकऱ्याच्या घरातली, वर्गात शुद्ध बोलायचीस आणि रंगात आलीस की सरळ मिरजगावी. पुढे दोघी एकाच कॉलेजात लागलो, एकाच स्कूटीवरून जायला लागलो, आणि भांडण काही थांबलं नाही. कशावरून? लोक जमिनीवरून भांडतात, नवऱ्यांवरून भांडतात. आपण भांडायचो हायड्रोजनवरून.

गुरुवारी मी तुझा तास घेतला. कोणीतरी घ्यायलाच हवा होता. पुस्तक उघडलं तर धडा नेमका तोच, न्यूट्रॉनचं विखुरणं आणि अणुकेंद्रकाचा स्पिन. मी फळ्याकडे तोंड केलं तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चिठ्ठ्यांचा खेळ?" मी खडू खाली ठेवला. मी म्हटलं, चला खाली.

तुझा तो स्टीलचा लाडवाचा डबा घेऊन गेले. चिठ्ठ्या आत तशाच होत्या, तुझ्या अक्षरातल्या. दर चारातल्या तीन चिठ्ठ्यांवर 'एक पाऊल पुढे', चौथीवर 'साडेचार पावलं मागे'. पोरं मैदानावर एका रांगेत उभी राहिली. तू सांगायचीस तसंच सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही सगळे हायड्रोजनचे प्रोटॉन. सगळे एकसारखे, भेसळ काही नाही. आता न्यूट्रॉन येतोय. त्याला स्वतःचा स्पिन आहे, गिरकीच म्हणा, तुम्हालाही आहे. दोघांच्या स्पिनची जोडी जमली तर धक्का एका बाजूला. फिसकटली तर धक्का उलटा, आणि चौपटीहून मोठा. जमण्याच्या वाटा तीन, फिसकटण्याची एक. कोणाला कुठली चिठ्ठी निघेल, याचा तो रांगेत कुठे उभा आहे याच्याशी काडीचा संबंध नाही. काढा चिठ्ठ्या, टाका पावलं.

दरवर्षी हा खेळ तू खाली खेळवायचीस आणि मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी असायचे. तू खालून ओरडायचीस, "सुलभाबाई, रांग हालली का?" मी म्हणायचे, "इथून तर जागच्या जागी दिसतेय. जराशी मागे सरकली असेल." "आन पोरं?" "पोरं पांगली की सगळी! दोघी तर पार कुंपणाला टेकल्यात!" मग तू पोरांकडे वळून म्हणायचीस, "रांग जेवढी सरकली तेवढं कोहेरंट. ही जी पांगापांग दिसतेय, ती इनकोहेरंट. हायड्रोजनमध्ये पहिलं जवळजवळ नाहीच, दुसरं डोंगराएवढं. आणि हे सगळं कुणामुळं? स्पिनमुळं."

गुरुवारी मी खाली होते आणि गॅलरीत कोणी नव्हतं. मी वर बघून विचारलंसुद्धा, रांग हलली का. पोरंही वर बघायला लागली.

खरं तर आधी मी हे चुकीचंच शिकवायचे, आणि ते तू माझ्या तोंडावर सांगितलंस. मी सांगायचे, एकाच मूलद्रव्याचे हलके-जड भाऊबंद मिसळले की इनकोहेरंट विखुरणं होतं. तेही खरं आहे, पण तेवढंच नाही. तू म्हणालीस, "मग व्हॅनेडियमचं काय करतीस? त्यो तर जवळजवळ एकाच जातीचा, तरी त्याचा कोहेरंट भाग नावापुरता. त्याची समदी पांगापांग स्पिनची." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या वहीतली ओळ खोडली. तू बरोबर होतीस, हे मात्र म्हटलं नाही. ते माझ्या जिभेला जड जातं, तुला माहीत आहे. होतं.

पण खरं भांडण पुढचं. मी म्हणायचे, ती पांगापांग म्हणजे कचरा. आलेखात शिखरं बघायची असतात, नमुन्यातले थर किती अंतरावर आहेत, कोण कोणाशेजारी आहे, ते त्या शिखरांवरून कळतं. हायड्रोजन मध्ये आला की सगळं गढूळ होतं. म्हणून तो काढायचा, त्याच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम घालायचा, साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरायचं. ड्यूटेरियमच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिशेच्या, रांग कशी नीट चालते. तू मान हलवायचीस. "रांगेवरून कोन कुनाशेजारी हाय ते कळतं, खरंय. पर पांगापांगीवरून एकेकटा कसा हालतोय ते कळतं. कुठनं निघाला, किती येळात कुठं गेला. मला तेच बघायचंय. तू त्याला कचरा म्हन."

तुला ते का बघायचं होतं, तेही ठाऊक होतं मला. तुमचं काळं रान. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा, आणि तरी थंडीत पावसाचा थेंब नसताना त्याच मातीवर ज्वारी उभी राहते. तू लहानपणी वडिलांना विचारलं होतंस, आपल्या मातीतलं पाणी बसून असतं का फिरत असतं? त्यांनी सांगितलं, शिक आन तूच सांग मला. ते गेले, तरी प्रश्न तुझ्याबरोबर पुण्याला आला, नगरला आला आणि चार वर्षांपूर्वी आपल्याबरोबर मुंबईजवळच्या त्या अणुभट्टीवरही आला. मिरजगावची माती, गाळून, धुऊन, भाजून वाळवलेली, एका बरणीत.

पाच दिवस मिळाले होते तिथल्या न्यूट्रॉनच्या यंत्रावर. विभागप्रमुख मी, म्हणून ठरवलंही मीच. जड पाणी, थरांची रचना, शिखरं. तू म्हणालीस, "बरं."

आता ऐक. मला हे लिहायचंय.

आमच्या घरात फळीवरचं भांडं विसळल्याशिवाय वापरत नाहीत. आईचा दंडक. घासूनपुसून ठेवलेलं असो, पाहुण्यासमोरचं असो, नळाखाली धरायचं, पाणी फिरवायचं, झटकायचं, मग वापरायचं. तू होस्टेलवर मला हसायचीस, "तुमी गंगाबी विसळून घ्याल!" हात आपोआप जातो गं. मनाला विचारत नाही.

परवा दिवशी, तू गेल्यावर नवव्या दिवशी, बापू कॉलेजात आला तुझं सामान न्यायला. त्यानं कपाटाची किल्ली मागितली. शिपाई म्हणाला, "त्या कपाटाला कुलूप कधी व्हतंच न्हाई. बाई म्हनायच्या, माझं कपाट शिंगणापूर हाय." खरंच म्हणायचीस. वर्षानुवर्षं ते कपाट माझ्या खुर्चीमागे उघडं होतं. मी खडू घ्यायला, सुई घ्यायला, तुझे शेंगदाणे चोरायला किती वेळा उघडलं असेल. खालच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची वही होती, तिला कधी हात लावला नाही. परवा बापूनं ती माझ्या हातात दिली, म्हणाला, "ह्यातलं आमाला काय कळनार? तुमाला ऱ्हाऊ द्या."

मी उभ्या उभ्या उघडली. अणुभट्टीवरचा दुसरा दिवस. तुझं बारीक अक्षर.

'नमुना ३. डबी भरण्याआधी सुलभाने नळाखाली विसळली. ती झाकण आणायला गेली तेव्हा ओली डबी पुन्हा तोलली. साधं पाणी किती राहिलंय ते आता कळेल.'

मंदे, मी ती ओळ दोनदा वाचली. बापूनं खुर्ची पुढे केली. एका क्षणात सगळं समोर उभं राहिलं. ती अल्युमिनियमची चपटी डबी, बेसिन, माझा हात. तू तराजूपाशी होतीस. तू म्हणालीस, "अगं सुलभा..." आणि मी म्हटलं, "मध्ये बोलू नको, माझं लक्ष जातं." झालं. त्या थेंबांमधला हायड्रोजन डबीत गेला, मातीत गेला, जड पाण्यात मिसळला.

आणि खाली, समासात, तू लिहिलं होतंस, 'आत्ता सांगितलं तर वेडीपिशी होईल. रात्री जेवल्यावर सांगते.'

पण मी रात्रीपर्यंत थांबले कुठे? संध्याकाळी पडद्यावर आलेख आला. शिखरं हवी होती तिथे सगळीकडे सपाट उंच माळ, आणि शिखरं त्यात बुडालेली. मी तुझ्यावर तुटून पडले. तिथल्या वैज्ञानिकांसमोर, आपल्या विद्यार्थ्यांसमोर. "जड पाण्याची बाटली उघडी ठेवलीस ना? हवेतली ओल ओढली त्यानं! एवढं साधं कळत नाही? शेतातली सवय, सगळं उघडं टाकायचं!" हे शेवटचं वाक्य मी म्हटलंय. माझ्या तोंडून गेलंय ते. तू माझ्याकडे बघितलंस, बाटलीचं घट्ट बसलेलं बूच एकदा चाचपलंस आणि बाहेर गेलीस. चहा घेऊन आलीस. माझ्यासाठी पण.

नगरला आल्यावर मी अहवाल दिला. त्यात लिहिलं, सहकाऱ्याकडून बाटली उघडी राहिल्यामुळे नमुना बाद झाला. आपल्या विभागात सहकारी दुसरं कोण होतं? विभागाच्या बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा तू समोरच बसली होतीस. पुढच्या अर्जात तुझं नाव घातलं नाही. तू एका शब्दानं विचारलं नाहीस. मला वाटलं, चूक कळलीय म्हणून गप्प आहे. मला वाटलं, मी मोठ्या मनाची, मैत्री तोडली नाही! शी.

का नाही बोललीस गं? एकदा तरी माझ्या तोंडावर ती वही फेकायचीस. मी रागावले असते, रडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी ओळ खोडली असती. मला माहीत होतं की आपलं असंच चालतं. तुला वाटलं, या वेळी मी मोडेन? की तुलाच इतकं लागलं होतं, की तू ते शेतावरचं वाक्य चार वर्षं नुसतं गिळत होतीस? हे आता कोणाला विचारू?

पाचव्या दिवशी तू म्हणाली होतीस, "तुझं फुकटच चाललंय, तर तीच डबी मला शेजारच्या यंत्रावर एक दिवस लावू दे." मी हातानंच सांगितलं, काय हवं ते कर. त्या यंत्रावर न्यूट्रॉनची ऊर्जा कमीजास्त किती झाली ते मोजतात. पाणी बसून असेल तर न्यूट्रॉन आला तसा परततो, फिरत असेल तर थोडी देवघेव होते. आणि ते दाखवणार कोण? हायड्रोजन. त्याची पांगापांग. मी कचरा म्हणाले होते तो.

वहीत घडी घालून ठेवलेला कच्चा पेपर निघाला. तारखा बघितल्या, गेली चार वर्षं तू तो परत परत लिहीत होतीस. मी परवापासून तीनदा वाचला, चूक शोधायला म्हणून वाचला, मला ओळखतेस तू. एक सापडली नाही. कोरड्या दिसणाऱ्या त्या मातीतही पाणी दोन प्रकारचं आहे. काही थरांना चिकटून बसलेलं, काही फिरतं. किती बसलेलं, किती फिरतं, तेही तू काढलंस, कारण डबीत साधं पाणी किती होतं ते तू तोललं होतंस. ते वजन नसतं तर सगळे आकडे मातीमोल होते.

मी बापूला म्हटलं, "अरे, तुझ्या ताईला उत्तर सापडलं होतं. मातीतलं काही पाणी बसून असतं, काही फिरत असतं." तो डोळे पुसत म्हणाला, "त्ये आमालाबी ठावं हाय बाई. पर ताईला मोजायचं हुतं."

मग हा पेपर कपाटात का पडून राहिला? त्याचं कारण दुसऱ्याच पानावर आहे. नमुना कसा बनवला, त्या भागात. सगळा मजकूर इंग्रजी, तुझ्या त्या काटेकोर इंग्रजीतला. जड पाणी घातलेल्या नमुन्यात साधं पाणी आलं कुठून, हे लिहिल्याशिवाय पुढे एक अक्षर पटत नाही. तिथे तू दोन ओळींची जागा मोकळी सोडलीस, आणि कंसात मराठीत लिहिलंस, 'इथे सुलभाला विचारून लिहायचं. ती हो म्हणाली तरच.'

म्हणजे हे विचारायचं होतं तुला. चार वर्षं धीर गोळा केलास, सोमवारी निरोप पाठवलास, 'चिडू नको'. आणि मी काय उत्तर दिलं? चिडणारच. तू शेवटचं वाचलंस ते माझं हे.

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्ही जवळच्या, चार चांगले शब्द बोला. त्याच खोलीत, जिथे अहवाल वाचला होता. मी उठले. चांगले शब्द काही आले नाहीत. मी म्हटलं, "बाटली बंद होती. डबी मी विसळली होती. अहवालात मी जे लिहिलं ते खोटं ठरलंय आणि मंदाकिनीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं." कोणाला नीट कळलं नाही. शेजारच्या मॅडमनी माझा हात धरून खाली बसवलं, त्यांना वाटलं मी दुःखानं बरळतेय. पण ते दोन विद्यार्थी, तेव्हा अणुभट्टीवर होते ते, आता स्वतः शिकवतात, तुझ्यासाठी आले होते. त्यांना कळलं. त्यातल्या एकानं तुझ्या फोटोकडे बघून मान खाली घातली. सभा संपल्यावर मी प्राचार्यांना दुरुस्तीचं पत्र लिहून दिलं, म्हणजे बरळणं नव्हतं हे त्यांनाही कळेल.

आज सकाळी तुझ्या खुर्चीवर बसले. माझ्या नाही, तुझ्या. पेपर तुझ्या संगणकावर उघडला आणि ती मोकळी जागा भरली. दुसऱ्या लेखिकेने भरण्याआधी डबी नळाच्या पाण्याने विसळली. पहिल्या लेखिकेने ती ओली असताना तोलली. एवढंच. चार वर्षं तू ज्याच्यासाठी थांबलीस ते लिहायला मला दोन मिनिटं लागली. वहीतल्या कागदावरचा तुझा कंस मी खोडला नाही, त्या पानाची प्रत काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

आता एकच राहिलंय. लेखक हयात नसेल तर नावाच्या डोक्यावर एक बारीक खूण करतात, आणि पानाच्या तळाशी सांगतात. पहिलं नाव तुझं आहे. मी तिथे तीनदा गेले आणि तीनदा हात मागे घेतला. सगळं कबूल केलं, मंदे, भर सभेत केलं, पण हे अजून कबूल होत नाही.

उद्या करते. दुसऱ्या तासानंतर, तुझ्यापाशी बसून.